डोमाजींची उभी बाटली

आमच्या गावात आजही डोमाजींचं नाव निघालं की कुणीतरी अंगठा तोंडाकडे नेतं आणि बाकीचे हसतात. डोमाजी जाऊन आता दुसरा पोळा होईल. त्या हसण्यात मी कधी सामील झालो नाही हे खरं, पण 'अंगठा खाली कर' असंही मी कधी कुणाला म्हटलं नाही. ते म्हणायला हे लिहितो आहे. डोमाजींनी आयुष्यात बिअर घेतली ती चमच्याने. चमचासुद्धा सीताबाईंच्या साखरेच्या डब्यातला.

त्यांचं आणि माझं घर एका कुडाच्या दोन बाजूंना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो आणि डोमाजी कशातूनच निवृत्त झाले नाहीत. वाळलेल्या मोहफुलासारखा चेहरा, रंगही तोच. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, आणि तोंडात एकच मंत्र: "मुरू द्या जी."

नवा तांदूळ त्यांच्या घरात कधी शिजला नाही. हे आमच्या भागात नवल नाही. नवा तांदूळ चिकट होतो, पोटाला जड जातो, म्हणून ज्याला परवडतं तो जुनाच खातो. पण डोमाजींनी हा नियम जगाला लावला. नवा सदरा शिवून आला की वर्षभर पेटीत. "अंगावर घेतला का लगेच, तर सदऱ्याले आपली ओळख राहत नाई." वर्तमानपत्र ते आठ दिवसांनी वाचत. ताज्या बातमीत कच्चेपणा असतो, आठ दिवसांत खोटं असेल ते आपोआप गळून जातं, असं त्यांचं म्हणणं. निवडणुकीचा निकाल लागून गुलाल उधळून झाला, निवडून आलेला माणूस गावात येऊन आभार मानून गेला, तरी डोमाजी त्याला म्हणाले, "पाहू, पेपरात काय येते ते."

मुरवण्यात ते नेहमी बरोबर ठरत असं नाही. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चुकत. एकदा त्यांनी कोहळा मुरवला. तो आढ्याला टांगलेल्या शिंक्यात इतका मुरला की एका दुपारी सीताबाईंच्या भावाच्या डोक्यावर आला. खोकल्याचं औषध आणलं तर तेही कपाटात ठेवलं. औषध मुरेपर्यंत खोकला गेला, आणि त्याचं श्रेय डोमाजींनी औषधालाच दिलं.

पण या एका गुणावर ते गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष झाले होते. दोन भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडत आले की डोमाजी दोघांचं पूर्ण ऐकून घेत, चहा पाजत आणि म्हणत, "मुरू द्या. रोवणी झाल्यावर या." रोवणी झाल्यावर आले की "कापणी झाल्यावर या." कापणीनंतर भाऊ यायचेच नाहीत. एक तर विसरलेले असत, किंवा डोमाजींचा दोघांना इतका राग आलेला असे की त्या रागात एक झालेले असत.

दारूबंदी झाली तीही त्यांच्याच काळात. बचत गटाच्या वच्छलाबाईंनी बाया उभ्या केल्या, मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. आडवी जिंकली. सभेत भाषण माझं झालं आणि हार डोमाजींच्या गळ्यात पडला. त्यांनी तो खुंटीवर मुरायला ठेवला.

आणि नेमका त्यांचा मुलगा हेमराज पुण्याला बिअर बनवायच्या कारखान्यात लागला.

त्याने शिक्षण अन्नप्रक्रियेचं घेतलं होतं. डोमाजींना वाटलं होतं, पोरगा पोह्यांची गिरणी टाकेल. फोनवर खरं कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दारू गाळाले कॉलेजात कायले जाव लागते? आपल्या जंगलात फुकट शिकवते." त्यानंतर बापलेकाचं बोलणं सीताबाईंच्या मार्फत चाले. हेमराज दिवाळीला येईनासा झाला. सुटी मिळत नाही म्हणे.

मग एका मंडईला तो आला. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, दुपारी दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक, होते, लेकी-जावई येतात. हेमराजच्या पिशवीत एक जाड काळी बाटली होती, तोंडावर लाल मेण ओतलेलं. कुडाच्या अलीकडे मी दात घासत होतो, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"बाबा, ही मी बनवली. काळी बिअर आहे. लाकडाच्या पिंपात वर्षभर ठेवली होती. त्या पिंपात आधी व्हिस्की मुरवलेली."

"पिंप धुतलं नाई का?"

"नाही. तेच तर महत्त्वाचं. जुन्या दारूचा वास लाकडातून हिच्यात उतरतो."

मला वाटलं, आता बाटली कुडावरून माझ्या अंगावर येणार.

"म्हंजे न धुतलेली बरणी," ते हळूच म्हणाले. "माही आईबी नव्या लोणच्यात जुन्याचा खार टाकत होती."

"तसंच. आणि ही अजून तीन-चार वर्षं ठेवली तर आणखी चांगली होते. थंड, अंधारी जागा पाहिजे. हलवायची नाही, आणि बाटली उभी ठेवायची."

"उभी?" डोमाजी दचकले. आडव्या बाटलीचा हार अजून खुंटीवर होता.

"उभीच, बाबा."

मग डोमाजींनी आपल्या समितीच्या आवाजात निकाल दिला. "आयक. हे बाटली मुरली अना चांगली निंगाली, तर तुहा धंदा धंदा. नाई निंगाली तर नोकरी सोडून धानाच्या बांधीत उतरजो. कबूल?"

"कबूल. पण उघडायची मी आल्यावर."

"तुह्याबिगर मी कायले उघडतो? मले का पेवाची हाये?"

हेमराज पुण्याला परतला आणि डोमाजींना जणू नातू झाला. मेणावर त्यांचा विश्वास नव्हता, उन्हाळ्यात पघळतं म्हणून. त्यावर त्यांनी पळसाची लाख वितळवून दिली. मग बाटली धानाच्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या त्या शेणाने सारवलेल्या मोठ्या कणगीत, खोल पुरली. थंड, अंधारी आणि उभी. अधूनमधून ते खांद्यापर्यंत हात धानात घालून बाटली चाचपत, आजारी पोराचा ताप पाहावा तशी. मी विचारलं, "काय म्हणते?" तर म्हणत, "झोपून राहिली."

पंचाईत धान विकताना झाली. व्यापाऱ्याचा माणूस ढोली उपसायला लागला आणि अर्ध्यावर डोमाजी म्हणाले, "बस." तो म्हणाला, "और आधा बाकी है ना, दादा." डोमाजी म्हणाले, "ते मुरून राहिलं." त्या माणसाने फावडं आणखी एकदा मारलं आणि लाखेचं लाल टोपडं वर आलं.

दुपारपर्यंत वच्छलाबाई दारात होत्या. मागे दहा-बारा बाया, हातात खराटे. सीताबाईही त्यांच्यातच उभ्या होत्या. त्या गटाच्या सभासद होत्या.

"डोमाभाऊ, बाटली काढा."

"पेवाची नाई जी वच्छलाबाई. मुरवाची हाये."

"मुरवा नाई तर भाजा. दारू दारूच ना? अना ते बी उभी!"

"पोराची हाये."

"पोराची हाये त पोराच्या घरी काऊन नाई?"

डोमाजींनी त्या दिवशी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते ढोलीच्या तोंडावर पाठ टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "फोडा. पण आदी मले फोडा. हे फुटली त पोरगा पुन्ना येत नाई."

बायांचे खराटे खाली आले. वच्छलाबाईंनी विचार केला आणि तोडगा काढला. बाटलीच्या लाखेवर बचत गटाचा शिक्का बसेल. वच्छलाबाई अधूनमधून येऊन तपासणी करतील. उघडायच्या दिवशी माणशी एक चमचा, त्यापेक्षा थेंब जास्त नाही. आणि ते पाहायला एक विश्वासू साक्षीदार राहील.

"कोण?" डोमाजींनी विचारलं.

"आपले गुरुजी," वच्छलाबाई म्हणाल्या. "दारूबंदीवर त्यांच्याएवढं सुंदर कोण बोलते?"

मी मान लववली. त्या मानेचा मला आजही राग येतो.

हेमराज आला तो थेट चार मंडया उलटल्यावर. सौंदड स्टेशनला गाडीतून उतरून, पुढे बसने. डोमाजी फाट्यावर सकाळपासून उभे होते. पोरगा उतरल्यावर म्हणाले, "बाटली बरी हाये." स्वतः बरे आहेत की नाही ते सांगितलं नाही.

मंडईच्या दिवशी जेवणाआधी, परसातल्या जांभळीखाली खाट टाकून आम्ही बसलो. हेमराजने पिशवीतून बुटक्या देठाचे गोल पेले काढले. वच्छलाबाई आल्या, शिक्का शाबूत असल्याचं पाहिलं आणि मंडईच्या तयारीला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या भरवशावर."

डोमाजींनी लाख फोडली. हेमराजने बूच काढलं. पेल्यात ओतली तर रंग जुन्या गुळाच्या पाकाचा, वर काथ्याच्या रंगाचा फेस. वास घेतला आणि मला कुणी बोट धरून आजोबांच्या कोठारात नेलं. ओलं लाकूड, मोहफुलं, करपलेला गूळ, आणि त्याच्याही मागे काहीतरी गरम, ज्याचं नाव मला आलं नाही.

हेमराज सांगत होता तसं पेला फिरवणं वगैरे डोमाजींनी केलं नाही. त्यांनी साखरेच्या डब्यातला चमचा बुडवला, तो तळहातावर ओतला, आणि लोणच्याचा खार चाखावा तसा चाटला. डोळे मिटले. हेमराज त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. सीताबाई दारातून हेमराजकडे पाहत होत्या. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं.

मी माझा चमचा घेतला. साक्ष द्यायची तर नीट कळायला हवं, म्हणून दुसरा घेतला. मग चमचा हे काही द्रव मोजायचं साधन नव्हे असा एक विचार मनात आला, आणि मी पेला उचलला. कडू म्हणावी तर गोड होती, गोड म्हणावी तर घशात ऊब ठेवून जात होती. डोमाजी डोळे मिटून विचार करत राहिले आणि मी साक्षीदार होत राहिलो. त्यांनी डोळे उघडले तोवर माझा दुसरा पेला रिकामा होत आला होता.

"कच्ची हाये," डोमाजी म्हणाले.

हेमराजचा चेहरा पडला. "म्हणजे वाईट निघाली?"

"कच्ची म्हणलो, वाईट नाई म्हणलो. कैरी वाईट राहते का? पुढच्या मंडईले ये. तवा पाहू."

"मग नोकरी?"

"निकाल लागला नाई तर सोडतं कायले? कर तवापर्यंत."

आणि त्यांनी उरलेल्या बाटलीत बूच दाबून पुन्हा लाखेची चूल पेटवली. उघडलेली बिअर टिकत नाही हे सांगायला हेमराजने तोंड उघडलं होतं. मग बापाच्या फुंकणाऱ्या गालांकडे पाहिलं आणि मिटलं. सीताबाई आत जाता जाता म्हणाल्या, "बरं झालं कच्ची निंगाली. पुढच्या दिवाळीचे अनारसे आताच ठरले."

मला त्या अनारशांचा इतका आनंद झाला की मी उठून जांभळीला मिठी मारली. तेव्हा डोमाजींच्या ध्यानात आलं.

"गुरुजी, तुमी किती घेतली?"

"साक्षीपुरती."

"अना दंडारीचं उद्‌घाटन कोन करते?"

उद्‌घाटन मी करणार होतो. विषय दारूबंदीचे फायदे. मला आवरायला डोमाजी उठले, पण तोवर दोन कार्यकर्ते येऊन मला सन्मानाने घेऊन गेले होते.

त्या भाषणाबद्दल लोक अजूनही बोलतात, कारण इतकं चांगलं मी ना आधी बोललो ना नंतर. मी दारूच्या दुष्परिणामांवर रडलो. लोकही रडले. फोडायला दिलेला नारळ मी छातीशी धरला आणि 'याने कुणाचं काय वाईट केलं आहे' असं विचारून फोडायला नकार दिला. टाळ्या पडल्या. मग मी बाजूला बसलेल्या वच्छलाबाईंना आमच्या गावची खरी आडवी बाटली म्हणालो.

टाळ्या थांबल्या. वच्छलाबाईंनी नाक वर केलं. "वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या, आणि मायकातून तो शब्द सगळ्या मंडईत गेला. पाळणेवाल्याने पाळणा थांबवला.

तेवढ्यात डोमाजी धापा टाकत मंचावर चढले आणि माझ्या पुढे उभे राहिले. "माहा हाये तो वास. म्या घेतली."

"डोमाभाऊ, चमचाभर ठरलं होतं."

"चमचा मोठा होता जी."

मी तिथेच उभा होतो. हातात नारळ होता, समोर मायक होता. एक वाक्य पुरलं असतं. मी नारळ फोडला आणि खाली उतरलो.

आठवड्याने डोमाजींचं अध्यक्षपद गेलं. तेव्हापासून तो अंगठा सुरू झाला. मंडईच्या दुसऱ्या दिवशी मात्र मी कुडावरून त्यांना हाक मारली होती आणि म्हटलं होतं, "मी चावडीवर जाऊन खरं सांगतो." ते बैलाचं दावं वळत होते.

"मुरू द्या, गुरुजी."

"अहो, तुमचं नाव खराब होईल."

"माह्या नावाचं का हाये? मी चवथीत नापास. पण अर्धं गाव तुमच्या हातचा मार खाऊन मोठं झालं. त्याईले आता कसं वाटन? मार वापस मागतीन ना लेकाचे! मुरू द्या. कच्चं सांगाल तर खट्टं लागते."

इतक्या चटकन मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं.

पुढच्या मंडईला हेमराज आला. ढोलीतून बाटली निघाली, चमचा आला. मी या वेळी फक्त वास घेतला. बिअर आंबून गेली होती. हेमराजने चाखली, आणि त्याच्या हनुवटीची एक शीर उडाली, पण तो म्हणाला, "थोडी कच्चीच वाटते, बाबा." डोमाजी म्हणाले, "मी का सांगून राहिलो?" त्याच्या पुढच्या मंडईला तो बायकोला घेऊन आला, तिलाही चमचा मिळाला, तीही बिचारी म्हणाली की कच्ची आहे. मग कडेवर पोर आलं. त्याला चमचा दिला नाही, पण बाटलीला हात लावू दिला. हेमराज मधल्या काळात कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर गेला होता. निकाल मात्र लागायचा होता, आणि तो निकाल लागेपर्यंत आपलं काही पक्कं नाही असंच तो वागत होता. परसात बापापुढे बसताना त्याचे गुडघे अजून शाळेतल्यासारखे जुळलेले असत.

शेवटच्या मंडईला डोमाजी खूप वाळले होते. लाख फोडायला त्यांनी हेमराजला सांगितलं. चमचा तळहातावर ओतला, चाटला, डोळे मिटले. आम्ही सगळे 'कच्ची'ची वाट पाहत होतो. सीताबाईंनी तर पुढच्या वर्षीच्या अनारशांची गोष्ट काढलीसुद्धा.

"मुरली," डोमाजी म्हणाले.

"काय?"

"मुरली म्हणलो ना. फस्टक्लास. तुहा धंदा धंदा. आता कायले पुसून राहिला?"

हेमराज उठला आणि पेले धुवायला आत गेला. पेले बाहेरच होते.

डोमाजी गेल्यावर मी प्रथम वच्छलाबाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आमाले मालूम होतं, गुरुजी. वास तुमच्याकडून येत होता. डोमाभाऊ त तवा मंचावर चढलाबी नव्हता."

"मग अध्यक्षपदावरून त्यांना का काढलं?"

"सगळ्या गावासमोर खोटं बोलला म्हणून. समितीचा अध्यक्ष खोटं बोलते का?" थोडं थांबून त्यांनी एक खडा उचलून टाकला. "अना तुमाले म्हणलं नाई, काऊन का तुमी कायी बोललेच नाई."

म्हणून हे बोलतो आहे. यंदाच्या मंडईत दंडारीच्या आधी मी हे मायकावर वाचणार आहे. ज्यांना मार परत मागायचा असेल त्यांनी रांग करावी.

डोमाजींना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्या 'मुरली'च्या दुसऱ्या दिवशी, फाट्यावर. हेमराज, सून आणि नातू बसमध्ये चढले. डोमाजींच्या हातात दुपट्ट्यात गुंडाळलेली बाटली होती. तळाशी घोटभर उरली होती. हेमराज खिडकीतून म्हणाला, "बाबा, खरंच मुरली ना?" डोमाजींनी बूच काढलं, उरलेली सगळी तोंडात ओतली आणि हात वर केला. बस सुटली. नातू मागच्या काचेतून हात हलवत होता. डोमाजी ताठ उभे, चेहरा एकदम शांत, गाल किंचित फुगलेले.

बस वळणाआड गेली. मग डोमाजी खाली वाकले, सगळं तोंडातलं रस्त्याच्या कडेला थुंकले, आणि कच्ची चिंच चावलेल्या पोरासारखा त्यांचा सगळा चेहरा एका जागी गोळा झाला. एक डोळा तर कितीतरी वेळ उघडेचना. उघडला तेव्हा मी पाहतोय हे त्यांना दिसलं.

"फस्टक्लास," ते म्हणाले, आणि दुपट्ट्याने जीभ पुसू लागले.